सहवेदना आणि माणसाचं मोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातले वाचनगट, रुग्णांच्या सोबतीला बसणारे स्वयंसेवक आणि सोसायटीच्या कमिटीत हौसेने किंवा नाइलाजाने आलेली मंडळी यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना पान लागतं.

सहवेदना म्हणजे दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्याला वाईट वाटणं, एवढंच ना?

त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या आधी वेगळ्या काढा. पहिली म्हणजे भावनेची लागण. पाळणाघरात एक मूल रडायला लागलं की बाकीची सूर धरतात. तिथे कोणाला कोणाचं दुःख कळलेलं नसतं. दुसरी, समोरच्यावर काय गुदरतंय हे उमगणं. तिसरी, त्याचं दुःख हलकं व्हावं अशी ओढ, म्हणजे कळवळा.

एडिट श्टाइन या जर्मन तत्त्वज्ञ बाईंनी १९१६ मध्ये फ्रायबुर्गला तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्या हाताखाली याच विषयावर प्रबंध सादर केला. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्याचा अनुभव मला खरोखर जाणवतो, पण तो त्याचा म्हणून जाणवतो, माझा म्हणून नाही. हे अंतर राहिलं तरच त्याला सहवेदना म्हणायचं. अंतर पुसलं गेलं की लागण उरते आणि रडणाऱ्यालाच आपली समजूत काढावी लागते. तेराव्याला भेटायला गेलेले पाहुणे घरच्यांपेक्षा जास्त रडतात तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं.

दुसरी आणि तिसरी गोष्ट एकच समजू नका. जर्मन तत्त्वज्ञ माक्स शेलर यांनी दाखवून दिलं की क्रूर माणसालाही समोरच्याची वेदना नीट कळते. कळते म्हणूनच तर तो ती नेमकेपणाने देऊ शकतो. कॉलेजात रॅगिंग करणाऱ्याला कोणाला काय लागतं याचा अचूक अंदाज असतो.

स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहिलं की झालं, नाही का?

बहुतेक चुका इथेच होतात. ॲडम स्मिथ यांनी १७५९ च्या ग्रंथात हा मुद्दा एका उदाहरणाने सांगितला. एकुलता एक मुलगा गेलेल्या माणसाचं सांत्वन करताना ‘मला मुलगा असता आणि तो गेला असता तर’ असा विचार करून भागत नाही. मी तूच असतो तर, तुझ्या स्वभावासकट, असा विचार करावा लागतो. परिस्थितीबरोबर माणूसही बदलून पाहायचा.

हे घरबसल्या कल्पनेने जमत नाही. २०१८ मध्ये एयल, स्टेफेल आणि एपली या संशोधकांनी २५ प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याचा प्रयत्न करायला सांगितल्याने लोकांचे अंदाज अधिक अचूक झाले नाहीत. सरळ विचारून घेतल्याने मात्र झाले.

समजा, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर वडील एकटे राहतात. बावधनला राहणारा मुलगा त्यांना लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये न्यायचं म्हणतो, कारण ते जिने आपल्याला चढावे लागले असते तर आपण कंटाळलो असतो. वडिलांची अडचण जिन्याची नसेलच कदाचित. रात्री संडासला जाताना पॅसेजमध्ये दिवा नसतो, ही असेल. नऊ वॉटच्या बल्बने सुटणाऱ्या गोष्टीसाठी माणूस सत्तर वर्षांच्या शेजारातून उपटला जातो.

मग विचारायचं कसं?

ज्यात उत्तर दडलेलं नाही असा प्रश्न विचारा. ‘जिन्यांचा त्रास होतो ना?’ असं नको. ‘इथे राहताना सगळ्यात जड काय जातं?’ असं विचारा. मग गप्प बसा. मनातल्या मनात आठ-दहा आकडे मोजा, कारण खरं उत्तर बहुधा पहिल्या ‘काही नाही रे, बरं आहे’ नंतर येतं. ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगून ‘असंच ना?’ म्हणून पडताळा. शेवटी ‘यावर काही सुचवू, की नुसतं ऐकू?’ हे विचारूनच पुढे जा.

गाडी घसरते ती गप्प बसण्याच्या वेळी. शांतता सहन होत नाही आणि तोंडातून ‘अहो, आमच्याकडेही अगदी असंच’ निघून जातं. त्यानंतरचं सगळं बोलणं तुमच्याबद्दल होतं.

ह्यूम, स्मिथ आणि कांट या तत्त्वज्ञांत कोणाचं खरं मानायचं?

भांडण आहे, पण पाठ्यपुस्तकांत दाखवतात तितकं मोठं नाही.

डेव्हिड ह्यूम यांच्या मते (ग्रंथ १७३९–४०) नैतिकतेची सुरुवात भावनेपासून होते आणि एकाची भावना दुसऱ्यापर्यंत पोचते ती सहानुभूतीमुळे. तिची खोट त्यांनी स्वतःच सांगितली आहे. ती जवळच्यांसाठी जास्त धावते, लांबच्यांसाठी कमी. म्हणून निवाडा करताना आपल्या जागेवरून न पाहता सर्वांना समान अशा स्थिर जागेवरून पाहायचं.

स्मिथ पुढे जातात. चीनमध्ये भूकंप होऊन असंख्य माणसं गेली असं ऐकल्यावर युरोपातला एखादा सज्जन गृहस्थ हळहळेल, मग जेवून निवांत घोरेल. त्याच गृहस्थाची करंगळी उद्या कापायची असेल तर त्याला रात्रभर झोप येणार नाही. तरीही करंगळी वाचवण्यासाठी तो लाखो माणसांचा बळी देईल का? नाही देणार. त्याला थांबवतं काय? स्मिथ म्हणतात, कळवळा नव्हे; तो तर आधीच तोकडा पडलेला आहे. थांबवतो तो आतला निःपक्षपाती साक्षी. ‘तू अनेकांतला एक आहेस, त्यांच्यापेक्षा कणभरही मोठा नाहीस’ हे तो ऐकवतो.

इथून कांट फार दूर नाहीत. १७८५ मध्ये त्यांनी किंमत आणि प्रतिष्ठा असा फरक केला. ज्याला किंमत असते त्याच्या बदल्यात तितक्याच किमतीचं दुसरं काही चालतं. माणसाच्या बदल्यात काहीही चालत नाही, म्हणून माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. ती त्याच्याबद्दल कोणाला काय वाटतं यावर ठरत नाही.

आमचं मत विचाराल तर असं. समोरच्याला काय हवंय हे सहवेदनेतून कळतं. त्याला ते का मिळालंच पाहिजे याचं कारण मात्र सहवेदनेत शोधू नये. ते कारण त्याच्या माणूसपणात आहे. तसं नसतं तर आपलं मन कोरडं असेल त्या दिवशी समोरच्याचा हक्कही आटला असता.

कांट यांना भावना वर्ज्य होत्या ना?

नाही. १७९७ च्या ग्रंथात ते लिहितात की गरीब जिथे राहतात त्या जागा टाळू नयेत, उलट शोधाव्यात. आजाऱ्यांच्या खोल्या आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या कोठड्या चुकवू नयेत. का, तर नुसत्या कर्तव्याच्या विचाराने जे होणार नाही ते करायला अशी भावना बळ देते. म्हणजे ती कमवायची गोष्ट आहे आणि कमवायची तर पाय तिकडे वळवावे लागतात.

सहवेदनेने नुकसानही होतं असं म्हणतात. कसं?

ती एका चेहऱ्यावर खिळते. मानसशास्त्रज्ञ बॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना एका गंभीर आजारी मुलीची मुलाखत ऐकवली आणि तिला उपचारांच्या प्रतीक्षायादीत वर सरकवण्याची मुभा दिली. तिच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना करायला ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी कितीतरी जास्त प्रमाणात तिला वर सरकवलं. यादीतल्या इतर मुलांची गरज मोठी होती, पण त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. २००७ च्या एका अभ्यासात एका मुलीच्या नावाने मागितलेली मदत जास्त मिळाली. तिच्या गोष्टीला लाखो उपाशी लोकांचे आकडे जोडले तेव्हा ती घटली. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी २०१६ मध्ये अशा गोष्टींवरून सहवेदनेविरुद्ध पुस्तकच लिहिलं. त्यांचं निदान बरोबर वाटतं, औषध जरा जहाल.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दर महिन्याला घडतं. नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो आला की संध्याकाळपर्यंत पैसे जमतात. त्याच इमारतीतल्या वॉचमनच्या बायकोच्या डायलिसिसची वर्गणी तीन आठवडे अर्धीच राहते, कारण तिचा फोटो कोणी टाकत नाही. टाकूही नये.

उपाय हिशेबाचा आहे. वर्षाचा मदतनिधी आधीच ठरवा, समजा ६०,००० रुपये. त्यातले ४५,००० नियमाने द्यायचे. नियम लिहून ठेवा: आधी इमारतीत काम करणारे, मग परिसरातले, एका कुटुंबाला वर्षात जास्तीत जास्त १५,०००. उरलेले १५,००० मन हेलावेल तिथे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नियम, मग नावं. नावं समोर ठेवून नियम लिहायला बसलात तर तो त्या नावांच्या मापाचाच होतो.

नियमच लावायचे तर सहवेदना कशाला हवी?

चांगला नियम सुचायला. ‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळायचे, वर ठळक लाल ठिपका काढायचा आणि वेगळे द्यायचे. कचरा हाताने निवडला जातो. बिनखुणेचं पुडकं उघडून पाहावं लागतं आणि त्यात काय आहे हे उघडणाऱ्या बाईला उघडल्यावरच कळतं. हे तिच्याकडून ऐकल्याशिवाय असा ठिपका कोणाच्या डोक्यात येणार नाही. एकदा पद्धत पडली की मात्र सकाळच्या घाईत, मनात कसलाही कळवळा नसताना, पाच सेकंदांत स्केचपेनने ती पाळता येते. वरच्या मजल्यावरच्या माणसाची मनःस्थिती काहीही असो, खाली त्या बाईचा हात वाचतो.

घरोघरी हे बिघडतं ते दोन ठिकाणी. पुडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलं जातं आणि ठिपका आत राहतो. किंवा ठिपका काढून पुडकं ओल्या कचऱ्यात टाकलं जातं आणि शाई पसरते.

माणसाचं मोल त्याच्या कर्तृत्वावर ठरत नाही का?

आदर दोन प्रकारचा असतो. तत्त्वज्ञ स्टीफन डार्वल यांनी १९७७ मध्ये हा फरक नीट मांडला. एक आदर गुणांचा. तो गायकाला, खेळाडूला, सचोटीच्या माणसाला कमी-जास्त मिळतो आणि मिळावाही. दुसरा माणूस म्हणून दखल घेण्याचा. त्यात कमी-जास्त नसतं. पुण्यात पहिल्याची चंगळ आहे. मार्कं, परदेशी विद्यापीठ, पेठेतलं आडनाव, सगळ्यावर तो उधळला जातो. गोंधळ होतो तो त्याच मापाने दुसराही मोजायला लागल्यावर.

राज्यघटनेच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा येते ती बंधुतेबरोबर, गुणवत्तेबरोबर नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मानू आणि सामाजिक व आर्थिक जीवनात तेच नाकारत राहू. त्याला त्यांनी विसंगतीचं जीवन म्हटलं.

कामाला येणाऱ्या मावशींना आम्ही घरच्यासारखंच मानतो. तरी काही चुकतंय का?

स्वयंपाकघरात जाऊन पाहा. त्यांचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो? सिंकखाली, कडा उडालेला, वेगळा? चहा पिताना त्या कशावर बसतात? सुट्टी ठरलेली आहे की दर वेळी कारण सांगून मागावी लागते? लिफ्टशेजारी ‘कामवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी’ अशी पाटी आहे का? ‘घरच्यासारखं’ हा शब्द पुष्कळदा जास्तीचं काम सांगताना आठवतो आणि पगाराच्या वेळी विसरतो.

पैसे देऊन काम करून घेणं म्हणजे माणसाचा वापर करणं, असं कांट म्हणत नाहीत. नुसतं साधन म्हणून वापरू नये, असं म्हणतात. म्हणजे समोरच्याला अटी माहीत असाव्यात आणि नाही म्हणता यावं. त्यासाठी एक कागद पुरतो: कामांची यादी, महिन्याच्या किमान चार भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस, पगाराची तारीख आणि दर वर्षीची वाढ. आवाज गोड नसला तरी चालेल.

कप मात्र आजच बदला.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं काय? त्याला विवेकच उरलेला नसतो.

कांट यांनी प्रतिष्ठेचा पाया विवेकशक्तीत धरला, त्यामुळे ही अडचण खरी आहे आणि ती झाकून चालणार नाही. ईव्हा किटे या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंची मुलगी तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली. किटे यांचा आग्रह असा की प्रत्येक माणूस कोणा तरी आईचं मूल आहे, कोणाच्या तरी काळजीने वाढलेला आहे. मोल शोधायचं ते या नात्यात, एकट्याच्या बुद्धीत नव्हे. बौद्ध विचार आणखी सोपा निकष लावतो: ज्याला दुःख होतं तो मोजला गेला.

व्यवहारात समोरून या, मागून नको. आधी आपलं नाव सांगा. एका वेळी एकच गोष्ट विचारा. डॉक्टरांशी बोलताना रुग्णाच्या डोक्यावरून बोलू नका. आणि ऐंशी वर्षांच्या आजी ‘आई कुठे गेली?’ असं विचारतात तेव्हा ‘ती कधीच वारली’ हे दर वेळी सांगू नका. त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते. ‘आईची आठवण येतेय? काय करायची ती?’ असं विचारलं तर खोटंही बोलावं लागत नाही.

आपल्या परंपरेत हा विचार कुठे सापडतो?

पुष्कळ ठिकाणी. पण ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ म्हणून पुस्तक मिटण्यासाठी तो शोधू नये.

आठव्या शतकातले बौद्ध विचारवंत शांतिदेव विचारतात, पायाचं दुखणं काही हाताचं नाही, मग हात पायाला का जपतो? माझं दुःख टाळायचं ते दुःख आहे म्हणून टाळायचं, माझं आहे म्हणून नव्हे. तसं असेल तर दुसऱ्याचंही टाळलं पाहिजे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ तर सूक्ष्मपणात कोणत्याही आधुनिक ग्रंथाच्या तोडीचा आहे. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबींनी त्याचं संपादन केलं. त्यात करुणेला दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू म्हणजे क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे संसारी शोक, जो दिसतो करुणेसारखाच.

देहूच्या तुकोबांचा ‘जे का रंजले गांजले’ सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातलं ‘दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी’ हे चरण सहसा घाईत म्हटलं जातं. पोटच्या मुलावर जेवढी दया तेवढीच नोकरावर! ह्यूम यांनी ज्या पक्षपाताचं कोडं घातलं त्याला इतकं थेट उत्तर क्वचित मिळतं. तरी दास दासच राहतो, हेही वाचताना दिसायला हवं. दया समान वाटली म्हणून पाणी समान होत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा प्रश्न दयेतून हक्कात आला.

आणि १८५५ मध्ये त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तो मुळातून वाचावा. ती कळवळा मागत नाही, युक्तिवाद करते: वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्मरहित ठरलो, मग आमचा धर्म कोणता ते सांगा. माणसाचं मोल मान्य करायचं म्हणजे त्याच्या प्रश्नाला उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक आहे हे मान्य करायचं. नुसतं गहिवरून जाणं ही पळवाट होते.

ज्याने गुन्हा केला त्याचंही मोल तेवढंच?

हो. पसायदानात ‘खळांची व्यंकटी सांडो’ असं मागणं आहे, खळ सांडो असं नाही. पण म्हणून रागावूच नये असं समजू नका. तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्ये दाखवलं की रागात समोरच्याला जबाबदार माणूस मानणं असतं. ‘त्याला काय कळतंय, सोडून द्या’ यात कधी कधी जास्त अवहेलना असते.

रोज दुसऱ्यांचं ऐकून थकून जायला होतं. काय करावं?

बुद्धघोषांनी सांगितलेला जवळचा शत्रू तो हाच. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांच्या प्रयोगांत दुसऱ्याच्या वेदनेशी एकरूप होण्याच्या सरावाने लोकांची अस्वस्थता वाढली. त्यानंतर करुणेचा, म्हणजे ‘याचं भलं व्हावं’ या भावनेचा सराव दिल्यावर ती खाली आली. म्हणून खाटेशेजारी बसताना ‘याला किती दुखत असेल’ यावर घोटाळू नका, ‘आत्ता याला काय लागेल’ याकडे लक्ष न्या: पाणी, उशी, खिडकी, फोन लावून देणं. एका दिवसात तीनपेक्षा जास्त भेटी नकोत, एक भेट ४५ मिनिटांच्या आत. दोन भेटींत दहा मिनिटं बाहेर चाला, मोबाइल न काढता.

वेळेआधी पोचा, हेही त्यातच आलं. १९७३ मध्ये प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत बसवला होता. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. विद्यापीठ चौकातल्या रहदारीतून धापा टाकत आलेला स्वयंसेवक कितीही भला असला तरी त्याचं अर्धं लक्ष घड्याळात असतं.

वाचनगटात हा विषय कसा घ्यावा?

आठ ते दहा माणसं, ९० मिनिटं, आठवड्याला एक अशा चार बैठका. दर बैठकीला दोन-तीन पानांचाच उतारा घ्या आणि तो तिथेच मोठ्याने वाचा. ‘घरून वाचून या’ म्हटलं की निम्मे लोक न वाचता येतात आणि तेच जास्त बोलतात. पहिल्या बैठकीला स्मिथ यांचा करंगळीचा उतारा, दुसऱ्या बैठकीला कांट यांची किंमत आणि प्रतिष्ठा, तिसऱ्या बैठकीला मुक्ता साळवेंचा निबंध. चौथ्या बैठकीला आपल्याच परिसरातला एखादा नियम समोर ठेवा, लिफ्टची पाटी किंवा पार्किंगचा ठराव, आणि ज्याच्यावर तो लागू होतो त्याला आधी विचारून या. पारिभाषिक शब्द अडले तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ जवळ ठेवा.

बिघडतं एकाच प्रकारे: चर्चा घसरत घसरत प्रत्येकाने कोणाला कशी मदत केली यावर येते. त्यासाठी सुरुवातीलाच सांगून ठेवावं की स्वतःच्या चांगुलपणाचे किस्से चहाच्या वेळी.